तारप्याची पूर्ण धून कोण टिपणार?

जागतिक आदिवासी दिन असो, कॉलेजचं गॅदरिंग असो की एखाद्या पाड्यावरचं लग्न, आपल्या डहाणू-तलासरीत तारपा वाजायला लागला की आधी मोबाइल वर होतात, मग पाय हलतात. कुणी लाइव्ह जातं, कुणी स्टेटस ठेवतं, कुणी रील करतं. तीस सेकंद, फार तर एक मिनिट. रात्रीपर्यंत लाइकचा पाऊस पडतो आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं खाली सरकून जातं. सहा महिन्यांनी कुणी विचारलं, की अरे, वाजवणारे ते बाबा कोण होते, कुठल्या पाड्याचे, ती धून कसली होती, तर उत्तर नसतं. मध्येच फोन बदलला असेल तर व्हिडिओसुद्धा नसतो.

या भागात एवढे कॅमेरे याआधी कधीच नव्हते. तरीही एखाद्या तारपावादकावर नीट आवाजासह केलेली, त्याचं नावगाव सांगणारी, धून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकवणारी अर्ध्या तासाची फिल्म तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? आणि किती जणांनी केली आहे?

हा प्रश्न आज काढायचं निमित्त जरा लांबचं आहे. साधारण १९६७ ते १९७३ या सहा-सात वर्षांत अमेरिकेत रॉक संगीतावर काही डॉक्युमेंटरी तयार झाल्या. त्या करणारे आणि त्यात दिसणारे बहुतेक जण तरुण होते. पन्नास वर्षं उलटून गेली, त्यातले कितीतरी गायक-वादक आज हयात नाहीत. पण त्या पिढीला काय वाटत होतं, ती कशावर चिडली होती, कशावर नाचली होती, हे आजही जगाला दिसतं. ते दिसतं कारण कुणीतरी खांद्यावर कॅमेरा घेऊन तिथे उभं होतं आणि शूटिंग संपल्यावर महिनोन् महिने एडिटिंगच्या टेबलावर बसलं होतं. रॉक आवडत नसलं तरी चालेल. त्या लोकांनी कॅमेरा कसा वापरला, तो कुठे चुकला आणि कुणाच्या वाट्याला आलाच नाही, हे मात्र आपण जाणून घ्यायलाच हवं. कारण आज तो कॅमेरा आपल्या खिशात आहे.

खांद्यावरचा कॅमेरा

त्याआधी सिनेमाचा कॅमेरा म्हणजे जड धूड. स्टँड, दिवे, पंधरावीस माणसं. १९६०च्या सुमारास खांद्यावर घेऊन फिरता येईल असा १६ एमएमचा कॅमेरा आणि त्याच्या बरोबरीनं आवाज टिपणारा छोटा टेपरेकॉर्डर हाताशी आला. आता दोन माणसं मिळून सिनेमा करू शकत होती. डी. ए. पेनेबेकर हे अशांपैकी एक. बॉब डिलन १९६५ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला तेव्हा पेनेबेकर त्याच्याबरोबर फिरले. हॉटेलची खोली, गाडीतला प्रवास, पत्रकारांशी झालेली खडाजंगी असं सगळं टिपलं. १९६७ मध्ये आलेल्या 'डोन्ट लुक बॅक' या फिल्ममध्ये 'हा थोर गायक आहे' असं सांगणारा निवेदक नाही. कॅमेरा बघतो, आपणही बघतो आणि मत आपलं आपण बनवतो.

हा काळ साधा नव्हता. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं आणि अमेरिकी पोरांना सक्तीनं लष्करात धाडलं जात होतं. कृष्णवर्णीयांचा हक्कांचा लढा पेटला होता. आईबापांनी आखून दिलेलं घर-नोकरी-गाडीचं आयुष्य आपल्याला नको, असं म्हणणारी एक पिढी उभी राहिली होती. तिच्या या बंडाला प्रतिसंस्कृती म्हणतात. त्यात स्वप्नं होती, खरी चीड होती आणि नशेत वाया गेलेली आयुष्यंही होती. या फिल्म पाहताना तिन्ही दिसतात.

जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावी तीन दिवसांचा महोत्सव झाला. पेनेबेकर यांनी त्यावर 'मॉन्टेरे पॉप' केली, ती १९६८ मध्ये आली. जिमी हेंड्रिक्सनं स्टेजवर गिटार पेटवली ती इथेच. पण फिल्मचा शेवट त्या आगीवर नाही. तो पंडित रविशंकर यांच्या सतारीवर आणि उस्ताद अल्लारखा यांच्या तबल्यावर आहे. तो भाग मुद्दाम बघा. सतार ऐकू येते, पण कितीतरी वेळ वादक दिसतच नाहीत. कॅमेरा श्रोत्यांमधून फिरत राहतो. कुणी डोळे मिटून बसलंय, कुणी डोलतंय, कुणी नुसतंच टक लावून पाहतंय. मग हळूच बोटं दिसतात, मग चेहरे, मग सवाल-जवाब चढत जातो आणि हजारो माणसं उठून उभी राहतात. रागाची लय चढू दिली, म्हणून तो परिणाम साधला. याच वादनाचे तीस सेकंद कापून घेतले असते तर 'एक भारतीय माणूस सतार वाजवतोय' एवढंच उरलं असतं.

मागच्या बाजूला कोण आहे?

ऑगस्ट १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या कुरणावर वुडस्टॉकचा महोत्सव भरला. चार लाखांवर पोरं आली. पाऊस, चिखल, अन्नाची टंचाई, मैलोन् मैल अडकलेल्या गाड्या. तिथेही रविशंकर वाजवून गेले आणि तो प्रकार त्यांना मुळीच रुचला नाही. चिखलात बसलेली ती गर्दी पाहून आपल्याला म्हशींची आठवण झाली, असं त्यांनी पुढे आठवणींत सांगितलं आहे. मायकेल वॉडली यांनी केलेली 'वुडस्टॉक' १९७० मध्ये आली. तिच्या एडिटिंगच्या टीममध्ये मार्टिन स्कॉर्सेसी आणि थेल्मा स्कूनमेकर ही तेव्हा फारशी कुणाला माहीत नसलेली तरुण मंडळी होती. तीन तासांच्या या फिल्मला सर्वोत्तम माहितीपटाचं ऑस्कर मिळालं.

त्यातलं सगळ्यात लक्षात राहणारं दृश्य कुठल्याही गायकाचं नाही. तात्पुरते संडास साफ करणारा एक मध्यमवयीन माणूस आहे. काम करता करता तो कॅमेऱ्याशी बोलतो. त्याचा एक मुलगा इथे या गर्दीत आहे आणि दुसरा तिकडे व्हिएतनामच्या युद्धात. बस्स, एवढंच. पण त्या काळातल्या अमेरिकेचं अख्खं कोडं त्या दोन वाक्यांत येतं. दिग्दर्शकानं स्टेजकडून कॅमेरा वळवला आणि मागच्या बाजूला काम करणाऱ्याकडे नेला, म्हणून ते मिळालं.

पण या गोष्टीचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. तोच माणूस नंतर कोर्टात गेला. मला न विचारता मला सिनेमात घेतलं आणि माझं हसं केलं, अशी त्याची तक्रार होती. जगानं ज्या दृश्याला डोक्यावर घेतलं, ते ज्याच्यावर होतं त्याला ते अपमानाचं वाटलं. महोत्सवाचे आयोजक कर्जात बुडाले होते. सिनेमानं मात्र वॉर्नर ब्रदर्स कंपनीला बक्कळ पैसा मिळवून दिला. चित्र कुणाचं, परवानगी कुणाची आणि पैसा कुणाचा? हे तीन प्रश्न तेव्हापासून प्रत्येक डॉक्युमेंटरीच्या मानगुटीवर बसलेले आहेत.

त्याच वर्षी ६ डिसेंबरला कॅलिफोर्नियात अल्टामाँट इथे रोलिंग स्टोन्स या बँडचा फुकट कार्यक्रम झाला. बंदोबस्ताला मोटारसायकलवाल्यांची एक दांडगट टोळी ठेवली होती. स्टेजसमोर मारामाऱ्या झाल्या आणि मेरेडिथ हंटर या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचा भोसकून खून झाला. मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांच्या 'गिमी शेल्टर' या फिल्ममध्ये तो क्षण कॅमेऱ्यात सापडला आहे. पण त्यांनी तो सनसनाटी म्हणून दाखवला नाही. एडिटिंगच्या टेबलावर बँडचा गायक मिक जॅगर स्वतः ते दृश्य पाहतो आहे, थांबवून पुन्हा पाहतो आहे, आणि आपण त्याचा चेहरा पाहतो आहोत, अशी रचना केली. काय घडलं हे तर फिल्म दाखवतेच. पण ते पाहणाऱ्याचं काय, हेही विचारते. आज रस्त्यावर अपघात झाला की मदतीआधी मोबाइल निघतो. अशा आपल्या काळात ही फिल्म वर्गात लावून दाखवायला हरकत नाही.

तळघरातले ४० तास

आता गोष्ट अशी, की ज्या उन्हाळ्यात वुडस्टॉक झालं, त्याच उन्हाळ्यात तिथून दीडशे-एक किलोमीटरवर न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम भागात दुसराही महोत्सव चालू होता. हार्लेम म्हणजे कृष्णवर्णीयांची वस्ती. सहा रविवार, मिळून सुमारे तीन लाख श्रोते. स्टीव्ही वंडर, नीना सिमोन, महालिया जॅक्सन असे मातब्बर कलाकार. त्याचंही रीतसर चित्रीकरण झालं होतं. हाल टुल्चिन यांनी सुमारे ४० तासांचं फूटेज टिपलं आणि ते विकायचा प्रयत्न केला. कुणी घेतलं नाही. त्या टेपा तळघरात पडून राहिल्या, थोड्याथोडक्या नाही, जवळजवळ पन्नास वर्षं. अखेर २०२१ मध्ये क्वेस्टलव्ह या संगीतकारानं त्यातून 'समर ऑफ सोल' ही फिल्म केली आणि पुढच्या वर्षी तिलाही ऑस्कर मिळालं.

दोन्ही महोत्सव खरे होते, दोन्हीकडे गर्दी होती, दोन्हीकडे कॅमेरा होता. एक जगाच्या आठवणीत गेला, दुसरा तळघरात. १९६९चा उन्हाळा म्हटलं की लोकांना चिखलातली गोरी पोरं आठवतात, बागेत नाचणारं हार्लेम आठवत नाही. इतिहास असाच ठरतो, मित्रांनो. घटना घडणं पुरत नाही. ती टिपली जावी लागते, जुळवली जावी लागते, दाखवली जावी लागते. आणि ज्यांचं जगणं कुणाला 'विकाऊ' वाटत नाही, त्यांनी तर हे स्वतःच करावं लागतं.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर १९७१ मध्ये लोणावळ्याजवळच्या मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाचा रॉक महोत्सव झाला होता. मळवली म्हणजे पुणे-लोणावळा लोकलवरचं छोटं स्टेशन, कार्ला-भाजे लेण्यांच्या पायथ्याचं. मुंबईतली आणि बाहेरची लांब केसांची पोरं गिटार घेऊन तिथे जमली. भारताचं वुडस्टॉक म्हणून त्याचा उल्लेख होतो. सिद्धार्थ भाटिया यांनी २०१४च्या 'इंडिया सायकेडेलिक' या पुस्तकात त्या पिढीची हकिगत लिहिली आहे. पण 'वुडस्टॉक'सारखा मळवलीचा सिनेमा झाला नाही. त्यामुळे लोणावळ्याला चिक्की घ्यायला उतरणाऱ्या आपल्यापैकी शंभरात एकालाही ती गोष्ट माहीत नसते.

मराठीतली रॉक डॉक्युमेंटरी

मग महाराष्ट्राकडे त्या तोडीचं काही नाहीच का? आहे. फक्त तिथे गिटारच्या जागी डफ आहे.

आनंद पटवर्धन मूळ मुंबईचे. १९७०च्या सुरुवातीला ते अमेरिकेत शिकत होते आणि तिथल्या व्हिएतनामविरोधी चळवळीत होते. म्हणजे ज्या पिढीच्या फिल्मविषयी आपण बोलतोय, ती त्यांची स्वतःची पिढी. परत आल्यावर १९७४ मध्ये बिहारमध्ये जयप्रकाश नारायण यांचं आंदोलन त्यांनी चित्रित केलं. हातात होता उसना, साधा सुपर-८ कॅमेरा. त्यावर घेतलेली दृश्यं पडद्यावर दाखवायची आणि तो पडदा १६ एमएमच्या कॅमेऱ्यानं पुन्हा चित्रित करायचा, असा जुगाड करून 'क्रांती की तरंगें' ही फिल्म झाली. 'आमच्याकडे चांगला कॅमेरा नाही' म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

१९८५ मध्ये त्यांनी मुंबईतल्या झोपडपट्ट्यांवर 'हमारा शहर' केली. तिच्यात विलास घोगरे नावाचे शाहीर गातात. घर पाडलं गेलेल्यांच्या बाजूनं उभा राहिलेला तो कमावलेला, भरदार आवाज. पुढे ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्या दुःखात काही दिवसांतच घोगरे यांनी आपलं आयुष्य संपवलं. पटवर्धन यांनी तेव्हापासून चित्रीकरण सुरू केलं आणि ते तब्बल चौदा वर्षं चाललं. २०११ मध्ये 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण झाली. तीन तासांहून लांब आणि आरपार गाण्यांनी भरलेली. वस्तीतले शाहीर, गायनपार्ट्या, कबीर कला मंचाची तरुण पोरं, अशी दोन-तीन पिढ्यांची गाणी तिच्यात आहेत.

एक गोष्ट नीट पाहा. घोगरे गेले तेव्हा त्यांचं गाणं बारा वर्षांपूर्वीच कुणीतरी नीट टिपून ठेवलेलं होतं. म्हणून आज विशीतल्या पोरांनाही तो आवाज ऐकता येतो. टिपणाऱ्याला तेव्हा पुढचं काय माहीत होतं? काहीच नाही. माणूस गातोय आणि ते मोलाचं आहे, एवढं ओळखून त्यानं कॅमेरा चालू ठेवला.

आणि आपण?

आता डहाणू रोड लोकलमध्ये बसा आणि घरी या. आपल्याकडे बंड नव्हतं? २३ मे १९४५ रोजी तलासरीतल्या झरी गावात पाच हजारांच्या आसपास आदिवासी जमले आणि यापुढे जमीनदाराच्या शेतावर वेठ करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण हुतात्मा झाले. गोदावरी परुळेकर यांनी हा सगळा लढा 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये लिहिला. ते पुस्तक १९७० सालचं. म्हणजे तिकडे 'वुडस्टॉक' आणि 'गिमी शेल्टर' पडद्यावर आले, त्याच वर्षी इकडे वारल्यांच्या बंडाची कहाणी छापून आली. तलासरीच्या कॉलेजला आज गोदावरीताईंचंच नाव आहे.

पुस्तक होतं म्हणून ते बंड आपल्याला ठाऊक आहे. पण पुस्तकात शब्द राहतात, आवाज राहत नाही. झरीच्या सभेला आपल्या बापाच्या खांद्यावर बसून गेलेलं पाच वर्षांचं पोर आज ऐंशी ओलांडून गेलेलं आहे. ते कुठल्या पाड्यावर असेल तर त्याला त्याच्या वारली बोलीत ती हकिगत सांगू देऊन टिपायला आपल्याकडे आता किती वर्षं उरली आहेत, याचा हिशेब ज्यानं त्यानं मांडावा.

तारप्याचंही तेच. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि जोडाला मेण. दुकानात मिळत नाही, करावा लागतो. श्वास न तोडता तो वाजवायचा म्हणजे छातीचं काम. वादक मध्ये, नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून भोवती, आणि तारप्याकडे पाठ करायची नाही हा दंडक. धून बदलली की पाऊल बदलतं. म्हणजे नाचाचं सगळं व्याकरण धुनेत आहे. अशा किती धुना आहेत, कुठली कधी वाजते, कुठली आता कुणालाच येत नाही, हे वयस्क वादकांनाच ठाऊक. शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव २०२६च्या पद्मश्रीच्या यादीत आलं, तेव्हा ते नव्वदीच्या घरात होते. अभिमान वाटलाच पाहिजे. पण नव्वदीच्या घरात हे शब्द ऐकून पोटात गोळाही यायला हवा.

कुणी म्हणेल, तारप्याचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगानं आहेत की! आहेत. त्यातले बहुतेक बाहेरून आलेल्यांनी केलेले, किंवा सरकारी कार्यक्रमात पाहुण्यांच्या स्वागताचे. वादकाचं नाव नाही, पाड्याचं नाव नाही, वर भलतंच पार्श्वसंगीत चिकटवलेलं. चित्रांच्या बाबतीत असंच झालं होतं, हे विसरू नका. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सुवासिनी होत्या आणि तो गाण्यांनी जागा करणारी धवलेरी बाईच होती. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी वारली चित्रं भिंतीवरून कागदावर आली. डहाणूतल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि तो मान त्यांचाच होता. पण पिढ्यान् पिढ्या चौक लिहिणाऱ्या बायकांची नावं कुठे आहेत? त्यांच्यासाठी कुणी कॅमेरा वळवलाच नाही. मशे यांच्या चित्रातला तारप्याचा तो गोल आज चहाच्या कपावर, पडद्यांवर, विमानतळाच्या भिंतींवर दिसतो. त्या गोलाच्या मध्ये उभा असलेला माणूस काय वाजवतोय, ते मात्र ऐकू येत नाही.

तर मग असं करा

आमचं म्हणणं सरळ आहे. डहाणू-तलासरीतल्या प्रत्येक कॉलेजच्या मुलांनी या वर्षात किमान एक पूर्ण फिल्म करावी. रील नको, फिल्म. वीस मिनिटांची चालेल. एकच माणूस निवडा. तारपावादक, घांगळी वाजवणारा, चौकाची गाणी येणारी धवलेरी, लढ्याची गाणी येणारी आजी, कुणीही.

फोन आडवा धरा आणि स्टँडवर ठेवा. स्टँड नसेल तर विटांवर. फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात मामाचा फोन येतो. आवाजासाठी दुसरा फोन वेगळा ठेवा. तारप्याच्या अगदी तोंडाशी धरलात तर आवाज फाटतो, चार-पाच हात लांब ठेवून आधी ऐकून बघा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धून मध्ये कापू नका. ती संपेपर्यंत थांबा, संपल्यावरही थोडं थांबा. बरेचदा खरी गोष्ट तिथेच निघते. 'ही माझ्या काकानं शिकवली', 'ही आता कुणी मागत नाही', असं काहीतरी माणूस सहज बोलून जातो. दुधी कसा निवडतात, मेण कुठून आणतात, तारपा बिघडला तर काय करतात, हेही घ्या. नाचणाऱ्यांकडे, चुलीपाशी बसलेल्यांकडे, लांबून बघणाऱ्या पोरांकडेही कॅमेरा न्या.

आधी विचारा. त्यांच्या बोलीत, घाई न करता, आणि त्यांचा होकारही टिपून ठेवा. देवाच्या कामातलं काही दाखवायचं नाही असं म्हणाले, तर नाही म्हणजे नाही. भगताला, धवलेरीला काय उघड करायचं ते ठरवायचा हक्क आहे, आपल्याला व्ह्यूज हवेत म्हणून तो जात नाही. फिल्मपासून बक्षिसाचे चार पैसे मिळाले तर त्यात त्यांचा वाटा आधी. संडास साफ करणाऱ्या त्या माणसाची तक्रार आपल्या पाड्यावरून कुणावर येता कामा नये.

पहिला खेळ पाड्यावरच लावा. एक पांढरी चादर, कॉलेजचा प्रोजेक्टर आणि सगळ्यांसमोर आधी त्या माणसाला बघू द्या. 'इथे माझं नाव चुकलं' किंवा 'हे काढा' म्हणाला तर दुरुस्त करा. आणि मग जपा. नाव, पाडा, तारीख, धून लिहून फाइलला जोडा आणि तीन प्रती ठेवा: एक तुमच्याकडे, एक त्या घरी, एक कॉलेजच्या लायब्ररीत. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत धरू नका, तिचा जीव अर्धा झालेला असतो. हार्लेमच्या टेपा निदान तळघरात तरी होत्या. आपलं फूटेज बिघडलेल्या फोनबरोबर भंगारात जातं.

प्राध्यापक मंडळींनाही एक विनंती. प्रोजेक्टच्या नावाखाली इंटरनेटवरून उतरवलेल्या वीस पानांपेक्षा अशी वीस मिनिटं स्वीकारा, त्याला गुण द्या. कॉलेजच्या कपाटात एक हार्ड डिस्क ठेवायला फार खर्च येत नाही. दहा वर्षांत तिथे डहाणू-तलासरीचा असा साठा होईल की मुंबई-पुण्याच्या अभ्यासकांना लोकल पकडून आपल्या दारात यावं लागेल.

वुडस्टॉकला गेलेली पोरं आता म्हातारी झाली आहेत, पण पडद्यावर ती अजून विशीतच आहेत. आपले तारपावादक पडद्यावर यायच्या आधीच नव्वदीला पोचले आहेत. भाताची कापणी झाली की तारपे पुन्हा निघतील. तेव्हा फोन चार्ज करून ठेवा, मेमरी रिकामी करा आणि वाजवणाऱ्याला आधी त्याचं नाव विचारा.